महाडची लेणी आणि पाण्याचे दान

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन दिवशी महाड गावात पाय ठेवावयास जागा उरत नाही. मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर येथून आलेल्या उपासक-उपासिकांचे अभिवादन होते, सभा होतात, पुस्तकांच्या दुकानांभोवती गर्दी होते. हे सारे आटोपल्यावर बहुतेक मंडळींपाशी अर्धा किंवा एक दिवस उरतो. रजा काढलेली असते, वर्गणी जमवून गाडी केलेली असते, सोबत मुलेबाळे असतात. तेव्हा परतण्यापूर्वी काही पाहून घ्यावे ही इच्छा स्वाभाविकच आहे. कोणी रायगडाची वाट धरतात, कोणी श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या समुद्रकिनाऱ्याकडे वळतात. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना पाले गावाच्या डोंगरात काळ्या चौकटींची एक रांग दिसते. तीही अनेकजण चढून पाहतात. पण बहुधा अर्ध्या तासात. स्तूपापुढे वंदना होते, छायाचित्रे निघतात आणि मंडळी उतरू लागतात. लेण्याच्या शेजारी कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्याकडे, ज्याला शिलालेखात ‘पोढि’ असे नाव आहे, क्वचितच कोणी वाकून पाहतो. प्रस्तुत लेख या पोढीविषयी आहे. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन जो मनुष्य त्याच दिवशी पाल्याचा डोंगर चढतो, त्याने ती पाहिल्यावाचून परतू नये, असे मला वाटते.

प्राचीन अवशेष पाहण्यासाठी चार दिवस काढून प्रवासाला निघणे, ही आपल्या समाजाच्या इतिहासातील क्षुल्लक गोष्ट नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनपर टिपणांत १९३४ सालच्या अशाच एका सहलीची हकीकत आहे. चळवळीतील काही सहकाऱ्यांना प्रेक्षणीय स्थळे पाहण्यासाठी आपल्यासोबत प्रवास करावा अशी इच्छा झाली. बाबासाहेबांनी ती मान्य केली आणि काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी कार्यक्रमात असलीच पाहिजेत असे ठरले. सुमारे तीस मंडळी नाशिकहून निघाली. वेरूळ त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी उतरली. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सर्वांची अंगे माखली होती. किल्ल्याच्या दाराबाहेर फरसबंदी असलेले, काठोकाठ भरलेले एक लहानसे तळे होते. काहींनी त्यात हातपाय-तोंड धुतले. मंडळी दाराशी पोहोचतात तोच एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत धावत आला. धेडांनी तळे बाटविले, असा त्याचा आक्रोश होता. जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. तुम्हांला हाच तुमचा धर्म शिकवतो काय, एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या तळ्याचे पाणी घेण्यास तुम्ही मज्जाव कराल काय, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमाव निरुत्तर झाला. अखेर किल्ल्यात प्रवेश मिळाला, परंतु आत कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यास एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला.

या प्रसंगातून अस्पृश्यता हिंदूंपुरती मर्यादित नव्हती हे बाबासाहेबांना दाखवावयाचे होते, आणि वाचकही तो प्रायः तेवढ्याच अर्थाने वाचतात. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. किल्ला पाहण्यास हरकत नव्हती. हरकत पाण्याला होती. ज्याला वाटेत पाणी मिळण्याची शाश्वती नाही, त्याच्यासाठी देशाटन, तीर्थाटन आणि वारसा हे शब्द पोकळच राहतात. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाच्या निमित्ताने बाबासाहेबांनी याच परिसरातील लेणी आणि रायगड पाहिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे तळ्यावरून लेण्यांकडे जाण्याची आज रूढ झालेली वाट मुळात त्यांच्याच पावलांनी पडलेली आहे.

आता प्रत्यक्ष लेण्यांकडे वळू. गांधारी आणि सावित्री या नद्यांच्या संगमाजवळ, महाडपासून दोन-तीन किलोमीटरवर पाले हे गाव आहे. गांधारीच्या सान्निध्यामुळे त्यास गांधारपाले म्हणतात. गावामागील डोंगरात सुमारे तीस लेणी दोन स्तरांत कोरलेली आहेत. बहुतेक लेणी म्हणजे ओसरी आणि त्यामागे एक-दोन खोल्या, खोलीत झोपण्यासाठी कातळाचा बाक, एवढीच आहेत. पहिल्या क्रमांकाचे लेणे मात्र प्रशस्त आहे. त्याच्या गाभाऱ्यातील चौथऱ्यावर चवरीधारकांसह बसलेली बुद्धमूर्ती आणि तिच्या खाली धम्मचक्र व हरणे आहेत; हे शिल्प मूळ खोदकामाच्या नंतरचे होय.

या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणण्याची प्रथा परिसरात आहे. त्यास कोणताही आधार नाही, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. परंतु दुसऱ्या टोकाची एक समजूत आपल्यातही आहे, ती म्हणजे ही लेणी ‘बुद्धकालीन’ असल्याची. जुन्या चरित्रलेखनातही हा शब्द येतो. शिलालेखांच्या अक्षरवळणावरून येथील मुख्य खोदकाम इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे ठरते. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर तोवर किमान पाच-सहा शतके लोटली होती. पाल्याच्या लेण्यांचे महत्त्व वाढविण्यासाठी त्यांना बुद्धाच्या काळात नेण्याची काही आवश्यकता नाही. धम्म पाच-सहा शतके चालत, घाट उतरून, सावित्रीच्या खोऱ्यापर्यंत आला आणि येथील माणसांनी त्याच्यासाठी आपला पैसा कातळात घातला, ही वस्तुस्थिती पुरेशी मोठी आहे.

येथील प्रमुख शिलालेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहे. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखसंग्रहात तो वाचावयास मिळतो. त्याचा आशय असा : काणभोअ व्हेणुपालित या कुमाराचे हे लेणे, चैत्यगृह आणि आठ ओवऱ्या एवढे काम अर्पण केले आहे, लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढ्या आणि लेण्यास जोडलेली वाटही दिलेली आहे, हे त्या कुमाराचे देयधर्म दान होय.

एवढाच लेख; पण त्याची भाषा पाहावी. खोल्यांसाठी ‘ओवरक’ हा शब्द आहे. आपल्या देवळांच्या आवारातील ‘ओवरी’ ती हीच. दोन्ही बाजूंना हा अर्थ ‘उभतो पासेसु’ या शब्दांनी दिला आहे. त्यातील ‘पास’, म्हणजे संस्कृतातील पार्श्व, आपल्या ‘पाशी’ या प्रत्ययात आजही जिवंत आहे. पोढ्यांची संख्या ‘बे’ अशी लिहिली आहे. शाळेत ‘बे एके बे’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाने हा शब्द उच्चारलेला आहे. संख्या आधी अक्षरी आणि लगेच पुढे अंकी दिली आहे : अठ ८, बे २. दस्तऐवजात रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिण्याची आपली पद्धत किती जुनी, हे यावरून लक्षात यावे. पाली आणि प्राकृत या परक्या भाषा आहेत, त्या आपल्याला कशा समजणार, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी प्रथम हाच लेख वाचावयास देतो. त्यांपैकी निम्मे शब्द त्यांच्या आजीच्या तोंडचे निघतात.

कुमाराचे नावही उद्बोधक आहे. ‘व्हेणुपालित’ म्हणजे विष्णुपालित, विष्णूने रक्षिलेला. दान मात्र बौद्ध संघाला. नावावरून माणसाचा पंथ ठरविण्याची घाई प्राचीन इतिहासात करू नये, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पोढी ही वस्तू काय आहे, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. महाड परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उताराचा कातळ पाणी धरून ठेवीत नाही. ते ओढ्यांतून नदीला आणि नदीतून बाणकोटच्या खाडीला जाऊन मिळते. त्यामुळे पावसाळ्यात धबधब्याखाली उभा असणारा डोंगर उन्हाळ्यात कोरडाठाक होतो. अशा डोंगरात आठ महिने राहावयाचे तर पाणी कोठून तरी साठवलेच पाहिजे. लेणी कोरणाऱ्या पाथरवटांनी यावर जी योजना केली ती साधी आणि टिकाऊ आहे. दर्शनी कातळावर पन्हळी कोरून वरून येणारे पावसाचे पाणी वळवावयाचे आणि ओसरीच्या बाजूस, जमिनीच्या पातळीखाली, खोल खोदलेल्या टाक्यात सोडावयाचे. टाक्याचे तोंड लहान आणि आतील पोकळी मोठी असली म्हणजे ऊन आत पोहोचत नाही, पाणी उडून जात नाही, शेवाळही कमी धरते. ज्याने कडक उन्हात अशा टाक्यात हात घातला असेल त्याला तेथील गारवा ठाऊक आहे. लेणे खोदताना निघणारा कातळ वाहून नेणे हेच मोठे काम. त्यात टाके खोदणे म्हणजे खाली उतरून, अंधारात, वाकून खोदणे. म्हणूनच दानलेखात पोढीचा स्वतंत्र उल्लेख येतो. कान्हेरीस तर कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने ‘पाणीयपोढि’ दान दिल्याचा लेख आहे. संपूर्ण लेणे देण्याची ऐपत नसलेला मनुष्य पाणी देत असे आणि तेवढ्यासाठीही त्याचे नाव कातळावर कोरले जाई.

विनयपिटकात निवासस्थानांविषयीच्या नियमांची पार्श्वभूमी सांगताना एक कथा येते. राजगृहाच्या श्रेष्ठीने भगवंतांची अनुज्ञा मिळताच एका दिवसात साठ विहार उभे केले. त्याच ठिकाणी पाच प्रकारच्या ‘लेणां’ना अनुमती आहे : विहार, अड्ढयोग, प्रासाद, हर्म्य आणि गुहा. म्हणजे लेणे हा शब्द मुळात आश्रयस्थान या व्यापक अर्थाचा; महाराष्ट्रात तो डोंगरातील गुहेपुरता उरला. भिक्खूने पाणी गाळून प्यावे म्हणून ‘परिस्सावन’ बाळगण्याची अनुज्ञा विनयातच आहे आणि सजीव पाणी जाणूनबुजून वापरणे हा पाचित्तिय अपराध आहे. संयुक्तनिकायातील वनरोप सुत्तात बागा लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई व विहीर देणारे आणि आसरा देणारे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असे सांगितले आहे. त्यातील ‘पपा’ म्हणजे संस्कृत प्रपा. आपल्या ‘पाणपोई’तील ‘पोई’ तिचीच लेक. व्हेणुपालिताच्या लेखातील आसरा, पाणी आणि वाट या तीन गोष्टी या सुत्ताच्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे तो कुमार किंवा त्याला सल्ला देणारा भिक्खू कोणत्या परंपरेत विचार करीत होता ते दिसते.

येथे एक शंका रास्त आहे. पोढीचे पाणी संघाला दिलेले होते. मग ते गावातल्या कोणाही माणसाला मिळत असे काय? लेखात तसे म्हटलेले नाही, आणि जे लेखात नाही ते आपण त्याच्या तोंडी घालू नये. परंतु ज्या संघाला ते दिले तो संघ कोणाचा होता, हे पिटकात स्पष्ट आहे. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या महासागरास मिळाल्यावर आपली नावे टाकतात, त्याप्रमाणे चारही वर्णांतून आलेले संघात आल्यावर आपले पूर्वीचे नाव-गोत्र टाकतात, ही उपमा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. पोढीच्या कडेवर भांडे घेऊन बसलेल्या भिक्खूला त्याची जात विचारण्याचा अधिकार विनयाने कोणालाही दिलेला नव्हता.

पाण्याच्या संदर्भात आपल्या सभांतून आनंद आणि मातंगकन्या प्रकृती यांची कथा नेहमी सांगितली जाते, आणि पुष्कळदा ती पाली त्रिपिटकातील म्हणून सांगितली जाते. ती कथा संस्कृत ‘दिव्यावदाना’तील शार्दूलकर्णावदानात आहे. पाली वाङ्मयात पाणी नाकारण्याचा जो प्रसंग आहे तो वेगळा आहे आणि माझ्या मते महाडच्या अधिक जवळचा आहे. उदानातील उदपान सुत्तात तो येतो. तथागत भिक्खुसंघासह मल्लांच्या प्रदेशात चारिका करीत थूण नावाच्या ब्राह्मणग्रामाकडे येत होते. ही वार्ता कळताच तेथील ब्राह्मण गृहस्थांनी गावची विहीर गवत आणि भुसा टाकून तोंडापर्यंत बुजविली. हेतू एकच, त्या मुंडक्या श्रमणांना पाणी मिळू नये. भगवंत एका वृक्षाखाली बसले आणि त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. विहीर बुजविली आहे, असे आनंदाने निवेदन केले. भगवंतांनी पुन्हा सांगितले, पुन्हा तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा आनंद पात्र घेऊन गेला तेव्हा विहिरीने गवत-भुसा बाहेर टाकला आणि ती निर्मळ पाण्याने काठोकाठ भरली.

कथेचा उत्तरार्ध चमत्काराचा आहे. बुद्धिप्रामाण्यवादी वाचक तो बाजूला ठेवील आणि त्यात गैर काही नाही. पूर्वार्ध मात्र समाजाच्या वागणुकीची साक्ष आहे. पाणवठा अडवून माणसाला त्याची जागा दाखविण्याची कल्पना या सुत्ताच्या रचनाकारांना अपरिचित नव्हती. २० मार्च १९२७ नंतर चवदार तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून ‘शुद्धी’ झाली, तेव्हा थूण गावचा भुसा वेगळ्या रूपाने परत आला होता. तिसऱ्यांदा पाण्याकडे जावयास सांगणारे भगवंतांचे वचनही या सुत्तात आहे. ते वाचताना मला डिसेंबर १९२७ ची दुसरी परिषद आठवते.

चवदार तळ्याचा इतिहास वाचकांना मुखोद्गत असल्याने त्याची पुनरुक्ती करीत नाही. बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे खुले केले आणि १९२७ च्या ऑगस्टमध्ये तो ठराव मागे घेतला. दावा डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. या निकालातील एका मुद्द्याकडेच लक्ष वेधतो. वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे. न्यायालयाने पुराव्याकडे पाहिले आणि अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही असा निर्णय दिला. न्यायालयापुढे पाल्याचा शिलालेख नव्हता, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचा उपयोगही झाला नसता. तरीही ज्या गावात ‘अनादी’ हा शब्द शपथेवर उच्चारला गेला त्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर पाणी देण्याचा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा लेख कातळावर उभा होता. महाडच्या पाण्याविषयीचा सर्वांत जुना लिखित शब्द मनाईचा नाही, दानाचा आहे.

पाल्याच्याच दुसऱ्या एका लेखात गृहपती श्रेष्ठी संघरक्षित याच्या पुत्राने लेणे देऊन शेताचे उत्पन्न अक्षयनीवी म्हणून लावून दिल्याचे नमूद आहे. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल न मोडता चालणारे दान. विहार बांधून मोकळे होणारे आणि नंतर दिव्याच्या तेलाची चिंता भिक्खूंवर सोडणारे आजचे विश्वस्त यातून काही घेतील तर बरे.

हे दाते कोण होते, हे जाणण्यासाठी पाल्यापुरते थांबून भागत नाही. कुडा येथील लेणी तळा तालुक्यात, मांदाडच्या खाडीवर आहेत. महाडहून मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्राकडे जाणारी मंडळी माणगाव, इंदापूर, तळा या मार्गाने गेल्यास ती वाटेतच लागतात, आणि लेण्याच्या ओसरीत बसून खाडीचे पाणी दिसते. समुद्र पाहण्याची मुलांची हौसही तेथे भागते. कुड्याच्या शिलालेखांत महाभोज मांदव खंदपालित याच्या घराण्याबरोबर लेखक, वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी अशी माणसे दाते म्हणून येतात. लोखंडाचा व्यापारी महिक हा करहाकड, म्हणजे कऱ्हाड येथील. घाटावरच्या कऱ्हाडचा मनुष्य खाडीकाठच्या कुड्यास दान देतो, याचा अर्थ त्याचा माल या बाजूच्या बंदरांत उतरत वा चढत होता. पोलादपूरवरून आंबेनळी घाट आणि महाडवरून वरंधा घाट आजही कोकण आणि देश जोडतात. सावित्रीतून गलबते महाडपर्यंत येत असत. घाट, नदी आणि खाडी यांना सांधणाऱ्या या रेषेवर लेणी आहेत. वर्षावास संपला की भिक्खू याच वाटांनी चारिकेस निघत आणि बैलांचे तांडेही याच वाटांनी चढत-उतरत.

तेव्हा महाडला येणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. समुद्रावर जरूर जावे. परंतु पाल्यासाठी सकाळचे तीन तास राखून ठेवावेत. चढण फार नाही, पण उन्हाची आहे. २० मार्चला येणाऱ्यांनी ऊन तापण्यापूर्वीच वर पोहोचावे. पिण्याचे पाणी सोबत न्यावे, कारण पोढ्यांतील पाणी आता उपसले जात नाही. त्यांत बाटल्या व निर्माल्य टाकू नये, कातळावर नावे लिहू नयेत आणि अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून शिलालेखात खडू, चुना किंवा तेल भरण्याचा मोह टाळावा. ही लेणी राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहेत, एवढ्याचसाठी हे सांगत नाही. एकदा भरलेला चुना काढताना अक्षराची कड जाते आणि पुढच्या वाचकाला ‘बे’ दिसत नाही. मुलांना पन्हळी दाखवाव्यात आणि पाणी कोठून कोठे जात असेल ते त्यांनाच शोधू द्यावे.

ज्यांच्यापाशी आणखी दोन तास असतील त्यांनी सावित्री ओलांडून महाडच्या आग्नेयेस असलेल्या कोल गावी जावे. तेथील लेणी लहान आहेत, शिल्प म्हणावे असे काही नाही आणि बहुतेक मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेखही नसतो. तेथे तीन छोटे लेख आहेत. एकात श्रेष्ठी संघरक्षित हे नाव येते. केवळ नामसाम्यावरून तो आणि पाल्याचा संघरक्षित एकच मानू नयेत. दुसऱ्या लेखात एका उपासकाची कन्या आणि शिवदताची पत्नी असलेल्या धमसिरीचे नाव आहे. पित्याची आणि पतीची ओळख तिने दिली आहे, पण दान तिच्या स्वतःच्या नावावर आहे. खोली एवढीशी, एका माणसाला पाऊसकाळ काढता येईल इतकीच.